तपासलेल्यांची पंगत

बोरीच्या जुन्या शाळेला यंदा पुन्हा चुना दिला आहे. उंबऱ्यावर पाऊल ठेवले तो ओल्या चुन्याच्या वासाखालून मला स्पिरिटचा वास आला. तो तेथे नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांच्या पाहणीचे काम गावातून हलून आता कितीतरी वर्षे झाली. हल्ली तपासणीच्या मंडळींना गाडी पाठवून शहरात नेतात. तरीही तो वास आला, आणि त्याच्यामागोमाग, जणू त्याचेच बोट धरून, जुने दुखणे आले. देवाची सेवा करता करता केस पांढरे झाले, दात गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण हे काही गेले नाही. मत्सराला म्हातारपण येत नसावे.

मला बोलावले होते ते स्वस्तिवाचनासाठी. सत्कार माझा नव्हता. सत्कार होता तो कैक वर्षे, दर हिवाळ्यात, पोटात अन्नाचा कण न घालता या शाळेत येऊन छातीवर नळी टेकवून घेणाऱ्यांचा आणि दंडातून रक्त काढू देणाऱ्यांचा. ना रोग, ना औषध, ना कसली प्राप्ती. धडधाकट माणसांची हृदये वर्षानुवर्षे कशी चालतात, कोठे थकतात, हे डॉक्टरांना पाहावयाचे होते, आणि आमच्या गावातल्या काही माणसांनी आपली हृदये त्या कामी दिली होती. त्या माणसांत माझी पत्नी होती. मी नव्हतो.

निजामाचे राज्य जाऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. शाळेच्या पाटीवरची उर्दू अक्षरे पांढऱ्या रंगाखाली गेली होती आणि त्यांवर मराठी अक्षरे आली होती. मात्र उन्हे तिरपी झाली की खालची अक्षरे पुन्हा वर येत. हवेत सरकीचा, कढलेल्या जवसाच्या तेलाचा, निंबाच्या धुराचा वास असे. गोपाळकृष्णाच्या देवळामागे पिंजाऱ्यांची गल्ली होती. पहाटे काकडआरतीची घंटा थांबली की तिकडून पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार बोलू लागे, धुंग्‌, धुंग्‌, आणि कापसाचे तंतू वाऱ्यावर तरंगत देवळाच्या सभामंडपात येत. देवाच्या मुकुटावर ते बसत. मी मोरपिसाच्या कुंच्याने ते अलगद झाडी. ती तार आता गावात नाही. मुकुट आहे, कुंचा आहे. झाडायला काही येत नाही.

पाहणीसाठी माणसे निवडणारा तरुण आश्विनात आला. गोव्याकडचा, शहरात वाढलेला, सुस्वभावी मुलगा. ठराविक घरे सोडून पुढचे घर, अशा क्रमाने तो दारोदार गेला. आमचे दार त्या क्रमात आले. मी तेव्हा नवरात्राच्या पाठासाठी मानवतला होतो. त्याने पत्नीला तिचे नाव विचारले, ते तिने सांगितले. नंतर यजमानांचे नाव विचारले, आणि ती खाली मान घालून उभी राहिली. आमच्याकडची कोणती कुलस्त्री परक्या पुरुषापुढे पतीचे नाव उच्चारील? त्याने पुन्हा विचारले, ती पुन्हा गप्प. तिच्या पायाच्या अंगठ्याने जमिनीवर काढलेली रेघ त्याने पाहिली, आणि त्या भल्या मुलाची अशी समजूत झाली की या बाईला नवऱ्याने टाकले आहे. तिला आणखी दुखवू नये म्हणून त्याने पुढचे काहीच विचारले नाही. दया करून तो निघून गेला. त्याच्या दयेने मला वगळले.

हे मला कळले ते मार्गशीर्षात. पाहणीच्या पहिल्या सकाळी मी पत्नीला पोहोचवायला शाळेपर्यंत गेलो. दारात जालन्याकडची एक सिस्टर उभी होती. पांढरेशुभ्र लुगडे, हातात काचेची नळी. मी कोण ते कळताच तिने मला नखशिखान्त पाहिले.

"आलात का शेवटी?" ती म्हणाली. "बरं झालं. आता जरा नीट नांदवा तिला."

मागून ओटीवर बसलेला धोंडिबा पदराआड हसणाऱ्या बायकांकडे पाहून खाकरला. धोंडिबा हा आमचा शेजारचा शेतकरी. त्याचेही नाव निवडीत होते, आणि गावातली कोणतीही गोष्ट त्याच्या जिभेवरून गेल्यावाचून पुरी होत नसे.

"सिस्टरबाई, ह्ये पळून गेल्याले न्हाईत," तो म्हणाला. "ह्यास्नी देवानं पळवून नेलंय."

खुलासा झाला. सिस्टर ओशाळली, चहा विचारू लागली, मी घेत नाही हे ऐकून अधिकच ओशाळली. मी थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते हैदराबादेकडचे, उंच, कोटाच्या खिशात सदैव लवंगा ठेवणारे सद्गृहस्थ. त्यांना मी सांगितले की चूक झाली आहे, घर निवडीत होते, घराचा कर्ता मी आहे, माझे हृदयही पाहावे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"महाराज, आपण येता हीच अडचण आहे," ते म्हणाले. "जो आपल्या पायांनी येतो त्याला घेतलं, तर सगळं कामच कलतं. आम्ही ज्यांच्या दारी गेलो तेवढेच. यादी मिटली."

मी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखे काही नव्हते. मला ते त्यांच्यापेक्षा अधिक समजले होते. यज्ञात ऋत्विजांचे वरण, म्हणजे विधिपूर्वक निवड, होते. ज्याचे वरण झाले तो आसनावर बसतो. ज्याचे झाले नाही, त्याला चारही वेद मुखोद्गत असोत, तो मंडपाबाहेर राहतो. हा नियम मी लहानपणी गुरुगृही शिकलो आणि जन्मभर इतरांना सांगत आलो. त्या सकाळी प्रथमच तो मला बाहेरच्या बाजूने दिसला.

आणि बाहेरून आतले सर्व काही फार सुंदर दिसते.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी! शाळेच्या अंगणात घोंगड्या पांघरून मंडळी रांगेने बसत. तोंडातून वाफा निघत. आतून रबराच्या पिशवीत हवा भरल्याचा फुसफुस आवाज येई, उकळत्या पाण्यात सुया खणखणत, आणि सिस्टर एकेकाला हाक मारी. बाहेर येणारा प्रत्येक जण दंडावर कापसाचा बोळा दाबून, कोपरातून हात मुडपून, चेहऱ्यावर एक वेगळेच गांभीर्य घेऊन येई. गावात ज्याला कोणी कधी "तू कसा आहेस" असे विचारले नव्हते, त्याला आत एका शिकलेल्या माणसाने पाव तास गप्प राहून ऐकले होते. मी देवाच्या गाभाऱ्यातून बाहेर पडणारी माणसे आयुष्यभर पाहिली आहेत. खरे सांगावयाचे तर, तसे चेहरे मला तेथेही क्वचितच दिसले.

मग पंगत. ही पंगत डॉक्टरांनी सुरू केली नव्हती, ती गावाने केली. उपाशी येऊन रक्त देणाऱ्यांना तसेच घरी कसे पाठवायचे, म्हणून ज्यांची नावे निवडीत नव्हती त्या घरांनी आळीपाळीने रांधायचे आणि वाढायचे, असे ठरले. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. पाने मांडायची ती पहिल्या वर्षी ज्या क्रमाने तपासणी झाली त्याच क्रमाने. जात नाही, वय नाही, मान नाही. निवडीत आमच्यानंतरचे दार देवळामागच्या पिंजाऱ्यांचे आले होते, म्हणून माझ्या पत्नीच्या शेजारी आमिनाबीचे पान आले. आमिनाबी म्हणजे त्या धनुकलीवाल्या पिंजाऱ्याची बायको. ठसठशीत बांध्याची, हातभर हिरव्या बांगड्यांची, मोठ्याने बोलणारी.

पहिल्या वर्षी पत्नी आपली चटई घेऊन एका बाजूला बसली आणि घरून नेलेल्या शेंगा सोलून खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी चटई ओळीत आली, शेंगा त्याच राहिल्या. तिसऱ्या वर्षी चटई आणि शेंगा दोन्ही घरीच राहिल्या. घरी आल्यावर ती स्नान करी आणि मगच देवाच्या स्वयंपाकाला लागे. विचारले असते तर तिने लपवले नसते. मी विचारले नाही. धर्मशास्त्राने मला संतापण्याचा पूर्ण अधिकार दिला होता आणि मी संतापलोही. परंतु तो संताप हातात घेऊन उजेडात पाहिला, तेव्हा त्यात धर्म थोडाच निघाला. ती त्या पंगतीत जेवली, याचा मला राग नव्हता. ती माझ्यावाचून जेवली, याचा होता.

कारण ती तेथे हसत असे. आमच्या घरात तिचे हसणे मी ऐकले होते. ओठांवर पदर धरलेले, देवघराला जपणारे हसणे. शाळेच्या भिंतीवरून मला ऐकू येई ते हसणे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. ते घोंगड्यांतून, वाफांतून, कण्यांच्या पातेल्यावरून उसळून वर येई आणि त्यात आमिनाबीच्या बांगड्या वाजत. त्या दिवसांत माझी देवपूजा लवकर आटोपू लागली. अभिषेकाची धार जरा मोठी पडू लागली. मी काही ना काही निमित्ताने शाळेवरून जाई. कधी पत्नीची शाल विसरली म्हणून, कधी फुले तोडायला, जरी त्या बाजूला फुले नव्हती.

"महाराज, कामून बाहीर हुबं ऱ्हायलात?" आमिनाबी मला भिंतीवरून हाक मारी. "आत या की. तुमच्या घरधनिणीला आमी खायलो न्हाई."

"त्यांचं काळीज त्यांनी देवापाशी ठिवलंय," धोंडिबा आतून म्हणे. "डाक्टर नळी लावंल कुठं?"

सारे हसत. पत्नीही हसे. मी मंद स्मित करून, पुरोहिताला शोभेल अशा चालीने, पुढे जाई. पुढे कोठेही जावयाचे नसे.

अशाच एका हिवाळ्यात डॉक्टरांनी ती गोष्ट केली. काम लवकर संपले होते, ऊन अंगणात उतरले होते, आणि त्यांच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी आपली नळी एकेकाच्या कानाला लावून ज्याचे त्याला स्वतःचे हृदय ऐकवले. ज्यांनी इतकी वर्षे ऐकू दिले, त्यांनी एकदा स्वतःही ऐकावे, असे ते म्हणाले. मी खिडकीबाहेर होतो. धोंडिबाने ऐकले आणि सांगितले की मोटेचे चाक वंगण मागते तसे वाजते आहे. आमिनाबीने ऐकले.

"अगाई, ही तर आमच्या घरवाल्याची तार!" ती म्हणाली. "मेल्यानं हितंबी पिच्छा सोडला न्हाई."

हशा ओसरला आणि नळी पत्नीच्या कानाला लागली. तिने डोळे मिटले. मी तिला देवापुढे डोळे मिटताना नित्य पाहिले होते; हे मिटणे वेगळे होते. पापण्यांच्या आत ती कोठेतरी चालत गेली, पुष्कळ लांब गेली, आणि मला तिचे नुसते पाठमोरेपण दिसत राहिले. सर्वांनी विचारले, कसे वाजते? तिने नळी काढून ठेवली, शेजारी वाकली, आणि आमिनाबीच्या कानात काहीतरी सांगितले. आमिनाबीने प्रथम पत्नीच्या पाठीवरून हात फिरवला. मग दोघी अशा हसल्या की सिस्टर रागावली.

त्या दिवशी दुपारी मी विचारले, तू काय ऐकलेस? काही नाही, म्हणाली; बायकांचे बोलणे. संक्रांतीला तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला तेव्हा मी पुन्हा विचारले. "तिळगूळ घेतलात ना, आता गोड बोलायचं," ती म्हणाली आणि ओटीच्या सुगडांकडे वळली. मी शास्त्रांचे अर्थ लावण्यात आयुष्य घातलेला मनुष्य. एकाच शब्दावर चार टीकाकारांची चार मते मला पाठ होती. ज्या हृदयाशेजारी मी रोज निजत होतो त्याचा आवाज कसा, हे मला माहीत नव्हते. आणि कापूस पिंजणाऱ्याच्या बायकोला ते माहीत होते.

मग वर्षे गेली, जशी जातात. मराठवाडा मुंबईच्या राज्यात गेला, पुढे महाराष्ट्र झाला. शाळेच्या पाटीवर आणखी एकदा रंग बसला आणि जुनी अक्षरे उन्हातही वर येईनाशी झाली. लवंगांचे डॉक्टर निवृत्त होऊन परत गेले, दुसरे आले. सिस्टर एका हिवाळ्यात आली नाही, तिच्या जागी दुसरी आली. निवडलेली माणसे मात्र तीच राहिली. एकमेकांच्या घरच्या लग्नांत ती एकत्र बसत, कोणी आजारी पडला की एकमेकांकडे जात; त्यांचे एक वेगळे गोत्र झाले होते, ज्याचा कोणत्याही प्रवरात उच्चार नाही. धोंडिबा गेला तेव्हा तिरडीमागे ती मंडळी सगोत्रांसारखी चालली. गेल्या वर्षी आमिनाबी गेली. पत्नीने चूल पेटवली नाही, आणि मी तिला सूतक नाही असे सांगण्याचे धाडस केले नाही.

आज मी स्वस्तिवाचन केले. आवाज थकला आहे, पण स्वर चुकला नाही. मग एका तरुण डॉक्टरीण बाईंनी भाषण केले. या गावाने दिलेल्या धीरामुळे पुढच्या डॉक्टरांना निरोगी हृदय कसे म्हातारे होते ते पाहता आले, आणि ज्यांनी स्वतःसाठी काही न मागता हे दिले त्यांचे ऋण कोणत्याही शालीने फिटत नाही, असे त्या म्हणाल्या. ते यथार्थ होते. एकेकाला हात धरून वर नेले. पत्नीची पाळी आली तेव्हा सभेने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आयुष्यभर शाली माझ्या खांद्यावर पडत आल्या, अनुष्ठानांच्या, पारायणांच्या. त्यांतली एकही, मला वाटले, अशी बसली नव्हती.

सत्कारानंतर पंगत होती. तीच, त्याच क्रमाने. नव्या सुनांनी रांधलेल्या ताकातल्या कण्या. गेलेल्यांची पानेही मांडली होती, रिकामी. आता भरलेल्या पानांपेक्षा रिकामी पाने अधिक होती. मी शिरस्त्याप्रमाणे भिंतीपाशी उभा होतो, तेवढ्यात सरपंचांचे लक्ष गेले.

"महाराज, तुमी कामून हुबं?" ते म्हणाले, आणि माझा हात धरून मला ओळीत नेले. "बसा. वहिनींच्या बाजूचं पान मोकळंच हाय."

ज्या जागेसाठी मी भिंतीबाहेर इतके हिवाळे काढले, ती जागा माझ्या पायाशी होती. चटई अंथरलेली, पत्रावळ मांडलेली, पाण्याचा तांब्या भरलेला. मी उपरणे सावरले. गुडघे वाकवू लागलो.

"नाही हो," पत्नी हळूच म्हणाली. तिने पानावर आपला हात ठेवला होता, सुरकुतलेला, तळवा पालथा. "तिथं ती बसते."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला निजलेल्या मुलाच्या अंथरुणावर बसू देत नाहीत, तसे तिने सांगितले. मी सरळ झालो. सरपंच अवघडून इकडेतिकडे पाहू लागले. उभ्या माणसाने पंगतीत काय करावे, हे मात्र मला ठाऊक होते. मी वाढणाऱ्या मुलीच्या हातून पातेले आणि ओगराळे घेतले.

ओळीच्या आरंभापासून मी वाढत आलो. कमरेतून वाकताना सांधे बोलत होते. पत्नीच्या पानाशी आलो, वाढले, आणि तसाच वाकून राहिलो. तिचा कान जवळ होता. विचारायला यापेक्षा योग्य जागा उरली नव्हती.

"त्या दिवशी नळीतून काय ऐकलं होतंस?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. कोणता दिवस, हे तिने विचारले नाही. क्षणभर तिच्या मिटत्या पापण्यांमागे तेच पुष्कळ लांबचे चालणे मला दिसले, आणि मग ती परत आली, रिकाम्या हातांनी.

"तिला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आता मला आठवत नाही हो."

तिचे बोलणे खरे होते. तिने आयुष्यात माझ्याशी खोटे बोललेले मला स्मरत नाही. जे मला हवे होते ते या पृथ्वीवर आता कोणाजवळच नव्हते. ते आमिनाबी आपल्याबरोबर घेऊन गेली होती, मातीखाली, जेथे माझे कोणतेही अनुष्ठान पोहोचत नाही.

शेजारचे पान वाट पाहत होते. मी पुष्कळांच्या घरी पितरांची पाने वाढली आहेत. दर्भ, तीळ, नाव, गोत्र, सारे विधिपूर्वक. या पानाला कोणते गोत्र सांगावे ते मला माहीत नव्हते. मी ओगराळे भरले, आणि जिचा मी आजही मत्सर करतो तिच्या पानावर कण्या वाढल्या. पत्नी पाहत होती.

"तिला आणखी लागायच्या," ती म्हणाली.

मी आणखी वाढल्या.